वेशभूषेच्या दिवसाने जग कळत नाही

'जागतिक संस्कृती दिन' हा प्रकार आता शाळाशाळांतून रुळला आहे. प्रत्येक वर्गाला एक देश वाटून दिला जातो. मुले झेंडा रंगवतात, राजधानी-चलन-भाषा असा तक्ता करतात, भाड्याने आणलेला पोशाख घालतात, एक नाच बसवतात आणि संध्याकाळी फोटो काढून घरी जातात. उत्साह खरा असतो, शिक्षकांचे कष्टही खरे असतात. पण दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलाला विचारा, काय कळले? ब्राझील म्हणजे फुटबॉल आणि कार्निव्हल, जपान म्हणजे किमोनो आणि शिस्त, केनिया म्हणजे सिंह आणि मसाई. कार्यक्रमाआधी डोक्यात जे ठोकळे होते तेच आता रंग देऊन पक्के झालेले असतात.

आमचे म्हणणे असे की शाळा मुलांना जग 'देश' या मापाने शिकवते आणि समानुभूती, म्हणजे दुसऱ्याचे मन त्याच्या बाजूने समजून घेणे, त्या मापात बसत नाही. समानुभूती एखाद्या माणसाबद्दल वाटते. त्याचा दिवस कसा जातो हे कळले, त्याच्याबरोबर काही काम केले, की ती हळूहळू येते. माप तेच ठेवून कार्यक्रम वाढवले तर फायदा होत नाहीच, पुष्कळदा नुकसान होते. आणि माप बदलायला नवा विषय, नवे पुस्तक किंवा परदेशी सहल यांतले काहीच लागत नाही.

नुकसान हा शब्द विचार करून वापरला आहे. मानसशास्त्रज्ञ मार्जोरी ऱ्होड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार वर्षांच्या मुलांना आणि काही मोठ्यांनाही एक चित्रपुस्तक वाचून दाखवले. त्यात 'झार्पी' नावाचे काल्पनिक लोक होते. प्रत्येक पानावर वेगळी व्यक्ती: कुणी बाई, कुणी पुरुष, कुणी मूल, कुणी म्हातारे, रंगरूपही निरनिराळे. काहींना वाक्य ऐकवले ते असे, 'झार्पी लोक ठिपक्यांच्या किड्याला घाबरतात.' इतरांना त्याच चित्राखाली ऐकवले, 'हा झार्पी ठिपक्यांच्या किड्याला घाबरतो.' फरक एवढाच. पण पहिल्या प्रकारची वाक्ये ऐकणाऱ्यांना झार्पी ही जन्मजात वेगळी जमात वाटू लागली, त्यांचे गुण रक्तातूनच येतात असे वाटू लागले. त्या वाक्यांत झार्पींबद्दल वाईट काहीच नव्हते, हे लक्षात घ्या. 'अमुक लोक असे असतात' या घडणीनेच काम केले.

आता आपल्या भूगोलाच्या तासाला किती वाक्ये या घडणीची असतात ते मोजा. 'जपानी लोक शिस्तप्रिय असतात.' 'आफ्रिकेतील लोक निसर्गाच्या जवळ राहतात.' 'युरोपीय लोक वेळ पाळतात.' वाक्य स्तुतीचे आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. आज 'ते शिस्तप्रिय असतात' ऐकणाऱ्या मुलाने उद्या 'ते आळशी असतात' मानण्यासाठी लागणारा साचा आपणच त्याला तयार करून दिलेला असतो.

उपाय वाक्यापासूनच सुरू होतो आणि त्याला खर्च शून्य आहे. जपानमधल्या शाळांचे उदाहरण घ्या. 'जपानी मुले स्वच्छताप्रिय असतात' याऐवजी असे सांगता येते: 'जपानमधल्या बहुतेक शाळांच्या वेळापत्रकात सफाईसाठी पंधरा-वीस मिनिटे राखलेली असतात. मुलांचे गट पाडलेले असतात, कोणत्या गटाने कुठे झाडायचे हे पाळीने ठरते.' या दुसऱ्या सांगण्यात स्वभाव नाही, व्यवस्था आहे. व्यवस्थेबद्दल प्रश्न विचारता येतात. ही पद्धत कुणी ठरवली? ती नावडणारी मुले तिथे असतील का? आपल्या शाळेत उद्यापासून ती सुरू केली तर पहिली अडचण काय येईल? यातला मधला प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. कोणत्याही चालीरीतीबद्दल शिकवताना 'तिथल्याच कुणाला हे पटत नसेल, आणि का?' असे विचारले की तो समाज एकसंध ठोकळा राहत नाही. तिथेही भांडणे आहेत, आईबाप आणि मुलांत वाद आहेत, आळशी आणि उत्साही दोन्ही आहेत हे मुलाला दिसते. ज्या समाजात अंतर्गत मतभेद दिसतात तो समाज माणसांचा वाटू लागतो.

चित्रांचेही तसेच. पाठ्यपुस्तकातल्या एका देशासाठी सहसा एकच छायाचित्र असते आणि ते वेगळेपण ठळक दिसावे म्हणून निवडलेले असते. याला उतारा म्हणून गॅपमाइंडर या स्वीडिश संस्थेचे 'डॉलर स्ट्रीट' हे संकेतस्थळ फार चांगले आहे. निरनिराळ्या देशांतल्या घरांतल्या रोजच्या वस्तूंची छायाचित्रे तिथे कुटुंबाच्या मासिक उत्पन्नानुसार लावलेली आहेत. चाळीस मिनिटांच्या तासाला एकच वस्तू घ्या: चूल, दात घासायचा ब्रश किंवा अंथरूण. तीन देश निवडा आणि प्रत्येकातून एक कमी व एक जास्त उत्पन्नाचे घर. अशी सहा चित्रे देशाचे नाव झाकून गटांना द्या आणि 'यातली कोणती दोन घरे एकमेकांसारखी वाटतात?' एवढेच विचारा. नावे उघडल्यावर मुलांना दिसते की सारख्या वाटलेल्या जोड्या पुष्कळदा वेगवेगळ्या देशांतल्या आहेत आणि एकाच देशातली दोन घरे एकमेकांना ओळखही देत नाहीत. जगण्यातला बराच फरक पैशाने पडतो. आपण तो संस्कृतीच्या खात्यावर टाकत आलो.

हा तास बिघडतो तो नेहमी एकाच तऱ्हेने. शिक्षक सगळी चित्रे गरीब घरांची निवडतात, मुले 'अरेरे' म्हणतात आणि तास दयेच्या प्रदर्शनात संपतो. म्हणून गरीब समजल्या जाणाऱ्या देशातले सुखवस्तू घर आधी दाखवावे आणि श्रीमंत देशातले तंगीचे घर त्याच्या पाठोपाठ. दया वाटणे वाईट नाही, पण दयेत एक जण वर असतो आणि दुसरा खाली.

नकाशाबद्दल फार लिहीत नाही. मर्केटर या नकाशाकाराचा १५६९ चा नकाशा समुद्रात दिशा धरण्यासाठी होता. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट आहे. पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून ग्रीनलंड गिरवायचे आणि ते आफ्रिकेवर ठेवून बघायचे, पाच मिनिटांत मुलांची खात्री पटते. भिंतीवर क्षेत्रफळ बरोबर दाखवणारा नकाशा लावा, २०१८ साली तयार झालेला 'इक्वल अर्थ' चांगला आहे, आणि पुढे चला.

खरा घोळ समानुभूतीच्या नावाने चालणाऱ्या 'कल्पना करा' या उपक्रमांत आहे. 'कल्पना करा, तुम्ही निर्वासित आहात. पाच मिनिटांत पिशवी भरा.' 'डोळ्यांवर पट्टी बांधून वर्गात फिरा.' हे उपक्रम लोकप्रिय आहेत कारण त्यांचा परिणाम लगेच दिसतो: मुले गप्प होतात, एखादे रडतेही. पण पट्टी बांधलेल्या मुलाला कळते ते दृष्टी गेल्याच्या पहिल्या दहा मिनिटांतले घाबरणे. वर्षानुवर्षे पांढरी काठी घेऊन स्वतःची कामे करणाऱ्या माणसाचे जगणे त्याला कळत नाही. अपंगत्वाच्या अशा नकली अनुभवांचा अभ्यास मिशेल नारिओ-रेडमंड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. सहभागी लोकांना अस्वस्थता आणि असहायता जास्त वाटली, अपंग व्यक्तींशी बोलण्या-मिसळण्याबद्दलची वृत्ती काही सुधारली नाही. निर्वासिताच्या पिशवीचेही हेच होणार. मूल स्वतःच्याच भीतीची कल्पना करते आणि ती दुसऱ्याची म्हणून खपवते.

मग दुसऱ्याचे मन कळायचे कसे? ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली पंचवीस प्रयोगांची मालिका मांडली. 'स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा' असे सांगितल्याने समोरच्याचे मन अचूक ओळखण्यात भर पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. अचूकता वाढली ती समोरच्याला सरळ विचारल्याने. हे इतके साधे आहे की शाळांच्या ध्यानात येत नाही. आपण मुलांना कल्पना करायला शिकवतो, विचारायला शिकवत नाही.

विचारणे ही कौशल्याची गोष्ट आहे आणि तिला किमान दोन तास द्यावे लागतात. दुसऱ्या देशातल्या वर्गाशी ओळख करून घ्यायची असेल तर पहिल्या तासाला मुलांकडून मनात येतील ते सगळे प्रश्न लिहून घ्या, काहीही न गाळता. बहुतेक प्रश्न असे येतात: 'तुमच्याकडे इंटरनेट आहे का?' 'तुमचा प्रसिद्ध खेळ कोणता?' 'तिथे युद्ध चालू आहे का?' दुसऱ्या तासाला प्रत्येक प्रश्न तीन चाळण्यांतून काढा. एक, याचे उत्तर पुस्तकात किंवा इंटरनेटवर मिळते का? मिळत असेल तर तो गाळा, माणसाला माहितीकोश करू नका. दोन, हाच प्रश्न त्यांनी मला विचारला तर मला बरे वाटेल का? तीन, उत्तर एका माणसाचे असेल की त्याला साऱ्या देशाच्या वतीने बोलावे लागेल? 'तुमच्या देशात मुलींना कसे वागवतात?' या प्रश्नाने बारा वर्षांच्या मुलाला राजदूत करून टाकले जाते. 'घरी कोणते काम कुणी करायचे हे कसे ठरते, आणि त्यावरून वाद होतो का?' याचे उत्तर ते देऊ शकते आणि त्यातून पहिल्या प्रश्नाचेही बरेच कळते. चाळणीतून राहणारे प्रश्न साधारण असे असतात: शाळा सुटल्यावरचा पहिला तास कसा जातो? घरात सर्वांत उशिरा कोण झोपते आणि का? तुझ्या गावाबद्दल बाहेरचे लोक काय चुकीचे समजतात?

एक नियम इथे सक्तीचा ठेवा. प्रश्न पाठवण्याआधी विचारणाऱ्याने त्याचे स्वतःचे उत्तर लिहायचे, शिवाय समोरून काय उत्तर येईल याचा अंदाजही लिहायचा आणि पाकिटात बंद करून ठेवायचा. उत्तर आले की पाकीट उघडायचे. अंदाज आणि उत्तर यांतले अंतर हाच खरा धडा असतो. तो कुणी शिकवावा लागत नाही.

आता प्रत्यक्ष संपर्क. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले होते की दोन गट एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी होण्यासाठी चार गोष्टी हव्यात: दोघांचा दर्जा समान, उद्दिष्ट एक, ते गाठण्यासाठी एकमेकांची मदत, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा उघड पाठिंबा. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो आणि या अटी पाळल्या तर जास्त कमी होतो, असे त्यांना आढळले. त्याच १९५४ साली मुझफर शेरिफ यांनी ओक्लाहोमात एका शिबिरात बावीस मुलांचे दोन गट पाडून, स्पर्धा लावून त्यांच्यात वैर निर्माण केले होते. आजच्या नियमांत असला प्रयोग कुणी करू देणार नाही. पण त्यात दिसलेली गोष्ट महत्त्वाची आहे. दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला, चित्रपट पाहायला बसवले तेव्हा भांडण मिटले नाही, जेवणाची फेकाफेक झाली. शिबिराचे पाणी बंद पडले, अडकलेला ट्रक दोर लावून सर्वांनी मिळून ओढावा लागला, अशी कामे एकामागून एक आली तेव्हा हळूहळू वैर ओसरले.

शाळांचे व्हिडिओ कॉल बहुतांशी त्या जेवणासारखेच असतात. दोन्हीकडे चाळीस-चाळीस मुले, एक पडदा, एक माइक. इकडची मुले गाणे म्हणतात, तिकडची टाळ्या वाजवतात, मग उलट. दहा मिनिटे आवाज जात नाही. इंग्रजी चांगली असणारी दोन-तीन मुले बोलतात, बाकीची हात हलवतात. त्यातच एखादी शाळा दुसरीला वह्या-पेन्सिली पाठवण्याचा बेत जाहीर करते आणि समान दर्जाची अट तिथेच मोडते. मदत करायचीच असेल तर ती या उपक्रमात मिसळू नका.

जमणारा आराखडा वेगळा आहे. मुदत दहा ते बारा आठवडे, आठवड्याला एक तास. गट सहाचे, तीन इकडची मुले, तीन तिकडची. बहुतेक देवाणघेवाण लेखी आणि आपापल्या वेळेला. प्रत्यक्ष कॉल फक्त दोन, एक तिसऱ्या आठवड्यात आणि एक शेवटी. आणि काम असे की दुसऱ्या बाजूच्या माहितीशिवाय ते पुरे होऊच शकत नाही. ही शेवटची अट पाळली की निम्म्या अडचणी उरत नाहीत.

उदाहरण म्हणून पृथ्वीचा परीघ मोजण्याचे काम घ्या. इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी वापरलेली ही रीत. साधारण एकाच रेखांशावरच्या दोन शाळा लागतात, समजा हेलसिंकी आणि कैरो. दोन्हीकडे एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची आणि एकाच दिवशी मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोजायची. मार्चच्या विषुवदिनाच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या) सुमारास कैरोत ती ५८ सेंटिमीटरच्या आसपास येईल, हेलसिंकीत १७४. यावरून सूर्यकिरणांचा काठीशी होणारा कोन काढायचा. त्रिकोणमिती झाली नसेल तर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने मोजायचा. दोन कोनांतला फरक ३० अंशांहून किंचित जास्त, दोन शहरांतले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३,३५० किलोमीटर. अंतराला ३६० ने गुणून फरकाने भागले की उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळ येते.

चुका व्हायला इथे भरपूर जागा आहे, आणि खरा फायदा तिथेच आहे. विषुवदिनाच्या सुमारास दोन्ही शहरांतली घड्याळे एकच वेळ दाखवतात, पण कैरोत मध्यान्ह बाराच्या जरा पुढे होते आणि हेलसिंकीत साडेबाराच्या सुमारास. म्हणून घड्याळ पाहून बाराला मोजणाऱ्यांचे उत्तर चुकते. अर्धा तास आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करत जायचे आणि सर्वांत आखूड ती घ्यायची. कैरोत सावली मोजताना एक सेंटिमीटर चूक झाली तर अंतिम उत्तर साडेपाचशे किलोमीटरच्या वर हलते. ढग आले तर दुसऱ्या दिवशी मोजावे लागते, आणि विषुवदिनाच्या सुमारास सूर्य रोज साधारण ०.४ अंश सरकत असल्याने दोघांनाही तारीख बदलावी लागते. काही जण नकाशावरचे उत्तर-दक्षिण अंतर न घेता रस्त्याचे अंतर घेतात. उत्तर चुकले की 'तुमची काठी सरळ होती का?' असा निरोप जातो, तिकडून तशीच शंका येते, फोटो येतात, पुन्हा मोजणी होते. त्या मुलांना एकमेकांच्या संस्कृतीचे कौतुक करायला कुणी सांगितलेले नसते. त्यांना समोरच्याची मोजणी हवी असते, आणि ती मिळवताना तिथे आज बर्फ पडला म्हणून मैदानात जाता आले नाही, तिथली सुट्टी वेगळ्या वारी असते, तिथल्या बाईंनी परीक्षेमुळे तास दिला नाही, हे सगळे कळत जाते. अशी ओळख टिकते.

विज्ञानाऐवजी इतिहास घ्यायचा असेल तर तयारी जास्त लागते. फ्रान्स आणि जर्मनीने १९६३ च्या एलिझे या मैत्री-करारानंतर तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी कायमची संस्था काढली, पण दोन्ही देशांतल्या वर्गांसाठी एकच इतिहासाचे पुस्तक यायला २००६ उजाडले, आणि ते पुस्तक हवे अशी मागणी २००३ मध्ये दोन्हीकडच्या तरुणांच्या सभेतून आली होती. जिथे संघर्ष चालूच आहे तिथे एकच पुस्तक होणे कठीण. सामी अदवान आणि डॅन बार-ऑन यांनी पॅलेस्टिनी आणि इस्रायली शिक्षकांना एकत्र बसवून वेगळी मांडणी केली: पानाच्या एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी कथन आणि मधला स्तंभ कोरा, विद्यार्थ्याने लिहिण्यासाठी. अधिकृत अभ्यासक्रमात त्याला जागा मिळाली नाही. तरी ही मांडणी कोणत्याही वादग्रस्त घटनेसाठी कुणीही शिक्षक वहीच्या पानावर आखू शकतो. फक्त कोऱ्या स्तंभात 'कोण बरोबर' लिहायला सांगू नका. पहिल्या बाजूने कोणते तथ्य गाळले, दुसऱ्याने कोणते, आणि दोघांनाही मान्य काय, एवढे लिहून घ्या.

व्यवहाराच्या काही गोष्टी दुर्लक्षामुळे उपक्रम बुडवतात. पूर्व-पश्चिम जोडीत वेळेचा घोटाळा होतो: टोकियो आणि ब्राझिलिया यांच्यात बरोबर बारा तासांचा फरक आहे, एकाच्या शाळेच्या वेळी दुसऱ्याकडे रात्र. उत्तर-दक्षिण जोडी घ्या, फिनलंड आणि केनिया यांच्यात फार तर एक तासाचा फरक पडतो. घड्याळे पुढे-मागे करण्याच्या तारखाही सारख्या नसतात. मार्चमध्ये अमेरिका युरोपच्या दोन-तीन आठवडे आधी घड्याळ पुढे करते आणि ठरलेले कॉल हमखास चुकतात. दक्षिण गोलार्धातल्या बऱ्याच देशांत शाळेचे वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते, जपानमध्ये एप्रिलमध्ये, युरोपात ऑगस्ट-सप्टेंबरात. दोन्ही कॅलेंडरे समोर ठेवून आधी परीक्षा आणि सुट्ट्या खोडा, उरतील त्यांतले सलग दहा आठवडे शोधा. मुलांचे फोटो आणि आवाज यांसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या, व्यक्तिगत फोन नंबर आणि खाती देण्याघेण्यास बंदी ठेवा. दोन्हीकडे दोन-दोन शिक्षक नेमा, कारण एकाची बदली झाली की उपक्रम तिथेच थांबतो.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. एका बाजूला इंग्रजी सफाईने येत असेल तर ती बाजू शिक्षक होते आणि दुसरी विद्यार्थी. म्हणून शक्य तिथे दोघांनाही परकी अशी भाषा घ्या, नाहीतर प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहून यंत्राकडून भाषांतर करून घ्यावे. त्यासाठी वाक्ये छोटी, म्हणी आणि विनोद टाळून, आणि पाठवण्याआधी भाषांतर उलट आपल्या भाषेत करून तपासायचे. शांततेचा अर्थही आधी ठरवा. तीन दिवस उत्तर आले नाही की मुले 'त्यांना आमच्यात रस नाही' असे ठरवून मोकळी होतात. 'उत्तराला सात दिवस' हा करार पहिल्याच आठवड्यात लिहून भिंतीवर लावला की हा गैरसमज होत नाही.

परदेशी वर्ग न मिळाला तरी काही अडत नाही. वेगळ्या घरभाषेची, श्रद्धेची, आर्थिक स्थितीची मुले त्याच वर्गात असतात. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत वंशभेदाची भिंत नुकतीच पडली होती आणि वर्गात ताण होता, तेव्हा एलियट ॲरन्सन यांनी एक रीत बसवली: धडा तुकड्यांत वाटायचा, गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा, आणि चाचणी सगळ्या धड्यावर. ज्या मुलाकडे कुणी बघत नव्हते त्याच्याकडचा तुकडा सर्वांना हवा असतो. मात्र वर्गातल्या एखाद्या वेगळ्या मुलाला उभे करून 'तुमच्यात हे कसे करतात ते सांग' म्हणू नका. देशवार गट पाडून गुणतक्ता लावणेही टाळा. रेबेका बिगलर यांनी १९९७ मध्ये मुलांना निळे आणि पिवळे शर्ट दिले. शिक्षकांनी रंगानुसार बसवायला आणि कामे वाटायला सुरुवात केली तेव्हा मुले आपल्या रंगाला चांगले म्हणू लागली. जिथे शिक्षकांनी रंगाकडे लक्ष दिले नाही तिथे तसे झाले नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप गंभीर आहे. दुसऱ्याला समजून घ्यायचे म्हणजे त्याचे सगळे मान्य करायचे का? अन्यायाला 'ती त्यांची संस्कृती' म्हणून सोडून द्यायचे का? नाही. आणि इथे 'देश' हे माप किती दिशाभूल करते ते स्पष्ट दिसते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने अफगाणिस्तानची सत्ता घेतली, त्यानंतर सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही. 'अफगाण लोकांना मुली शिकलेल्या नको असतात' असे म्हणणारा शिक्षक कठोर बोलल्यासारखा वाटतो, पण त्याने त्या बंदीला साऱ्या समाजाची संमती देऊन टाकली. रस्त्यावर येऊन विरोध करणाऱ्या बायका आणि घरात लपून चालणारे वर्ग त्याच्या वाक्यात नाहीतच. 'संस्कृती आहे, आपण बोलू नये' म्हणणाराही त्याच मुलींना पुसून टाकतो. आदेश कुणी काढला, कुणावर लादला, कुणी नाकारला हे शिकवले तर मुलाला मतही बनवता येते आणि ते मत चुकीच्या माणसांवर जाऊन पडत नाही.

'आधी आपले तर कळू द्या, मग जगाचे' हा दुसरा आक्षेप नेहमी येतो. त्याचे उत्तर वर आलेच आहे: प्रत्येक प्रश्नाचे स्वतःचे उत्तर आधी लिहावे लागते, आणि 'आमच्या घरी हे काम अमक्यानेच का करायचे?' याचे उत्तर लिहिताना मुले पहिल्यांदा अडखळतात.

राहिले मूल्यमापन. ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेने 'पिसा' या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत २०१८ साली 'जागतिक क्षमता' मोजून पाहिली. सत्तावीस शिक्षणव्यवस्थांनी ती चाचणी दिली. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी यांनी नाही. चाचणी ठीक होती, पण शाळा तिच्यातला सोपा भाग उचलतात, प्रश्नावली. 'मला इतर संस्कृतींबद्दल आदर आहे: सहमत की असहमत?' यावर सहमत न म्हणणारे मूल विरळाच. त्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला दूरच्या ठिकाणची एक बातमी द्या, ज्यात लोकांनी आपल्याला विचित्र वाटेल असे काही केले आहे, आणि 'त्यांनी असे का केले असेल?' यावर एक पान लिहून घ्या. वर्षाअखेरीस तशीच दुसरी बातमी. दोन्ही पानांवर तीन गोष्टी मोजा: 'ते लोक असेच असतात' या घडणीची वाक्ये किती, परिस्थितीतली कारणे किती वेगवेगळी सुचवली, आणि 'हे त्यांना विचारावे लागेल' अशी किती ठिकाणी नोंद आहे. पहिला आकडा उतरायला हवा, उरलेले दोन चढायला. कोण लिहितो ते कळू नये म्हणून नावे झाकून दुसऱ्या शिक्षकाकडून मोजून घ्या.

पहिला आकडा उतरलाच नाही तर मुलांना बोल लावण्याआधी शिक्षकाने आपल्या एका तासाचे ध्वनिमुद्रण करावे आणि त्यातली तशी वाक्ये मोजावीत. एका तासाला दहाच्या वर निघाली तर दुरुस्तीची सुरुवात तिथून करायची. नव्या उपक्रमाची घाई करू नये.